गुरुवारची भुतं अळणी कशी झाली

हडळीचे पाय उलटे फिरले आणि नेमकी तेव्हाच काशी घोरायला लागली.

एरवी कुणी घोरलं तर गोदूवहिनींनी मनावर घेतलं नसतं. दुपारची वेळ, पोटात भात, हातात तेच ते सुपारी सोलायचं काम. माणसाचा डोळा लागतोच. पण काशी होती अठरा वर्षांची, गेल्या वैशाखात लग्न होऊन बोरआगरात आलेली. त्या वयात बाईला हडळीची भीती वाटायची नाही तर मग केव्हा वाटायची? शेजारणीने कोपर मारलं तशी ती दचकून उठली, सगळ्यांकडे बघून कसनुशी हसली आणि म्हणाली, "झाला का चहा?"

गोष्ट सांगणारीने हडळ तशीच पिंपळावर सोडली आणि चहाकडे वळली. कुणीही विचारलं नाही, की पुढे त्या हडळीचं काय झालं. हे गोदूवहिनींना सर्वांत जास्त लागलं.

हे घडलं महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीच्या पौषात. बोरआगर म्हणजे काशीदवरून मुरूडकडे जाताना समुद्राच्या अंगाला माडा-पोफळींत दडलेलं गाव. थंडीत सुपारी खळ्यात वाळायची, वाळली की सोलायला बायका बसायच्या. पाटाला ठोकलेलं एक पातं पुढ्यात घ्यायचं आणि त्यावर एकेक सुपारी दाबून साल काढायची. हे काम करताना माणसाला दोनच गोष्टी सुचतात, जांभया आणि भांडणं. दोन्हींवर उपाय म्हणून गोदूवहिनींच्या सासूबाईंनी, सोनाबाईंनी, स्वातंत्र्य आलं त्या हिवाळ्यात आपल्या खळ्यात एक प्रथा पाडली. दर गुरुवारी दुपारी एक भूत. सांगणारी दर वेळी वेगळी, भूतही वेगळं. एकदा सांगितलेलं भूत पुन्हा आणायचं नाही. सांगणारीला एक नारळ आणि चहाचा पहिला कप. सोनाबाईंचा हिशेब सरळ होता. घाबरलेली बाई मधेच उठून एकटी घरी जात नाही.

आणि बायका घाबरायच्या. किती घाबरल्या हे मोजायचं मापसुद्धा घरात होतं, ते म्हणजे अण्णांचा कंदील. अण्णा हे सोनाबाईंचे चिरंजीव, गोदूवहिनींचे यजमान, शाळामास्तर. गावात त्यांना मान होता तो दोन कारणांनी. त्यांना मोडी वाचता यायची आणि चिंचेखालून तिन्हीसांजेला ते न घाबरता जायचे. खळ्यातून आळीकडे जायची वाट त्या चिंचेखालूनच होती. त्यामुळे गोष्ट संपली, दिवेलागण झाली, की बायका अण्णांच्या कंदिलामागे एका ओळीत निघायच्या आणि अण्णा एकेकीला तिच्या दारात पोचवून यायचे. अठ्ठेचाळीस साली एका गुरुवारी नऊ बायका पोचवल्या होत्या. त्यातल्या एकीचं घर तर खळ्याला लागूनच होतं.

आता मास्तर निवृत्त झाले होते. कंदिलाची काच मात्र दर गुरुवारी स्वतः रांगोळीने घासत. त्या दिवशी तो घासलेला कंदील घेऊन ते पायरीवर उभे राहिले. काशी त्यांच्यासमोरून गेली, "येते हां अण्णा," म्हणाली आणि गुणगुणत चिंचेखालून एकटी निघून गेली. अण्णांनी कंदील खुंटीला टांगला आणि रात्री जेवताना दोनदा म्हणाले, की रॉकेल वाया जायचं, बंद झालं ते एक बरं झालं.

गोदूवहिनींना एक खोड होती. एखादी गोष्ट बिघडली, की ती का बिघडली हे कळल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. एकदा घरातलं घड्याळ तेरा ठोके देऊ लागलं, तेव्हा त्यांनी ते खोलून त्यातून मेलेली पाल काढली होती. घड्याळ पुढे चाललं नाही, पण कारण तरी कळलं. आता त्यांनी गुरुवार खोलायला घेतला.

त्यात नुसतं कुतूहल नव्हतं. सोनाबाईंनी जाताना सुनेच्या हाती दोन गोष्टी दिल्या होत्या, माजघराच्या चाव्या आणि गुरुवार. चाव्या कुणाही सुनेला सांभाळता येतात. गुरुवार आपल्या हातात मेला, असं गावाने म्हणू नये, एवढंच गोदूवहिनींना हवं होतं. आणि तसं म्हणायची वेळ आली होती, कारण शेजारच्या दुर्गाने रेडिओ घेतला होता. दुर्गाचीही पोफळीची वाडी, तिचीही सुपारी खळ्यात पडलेली. रेडिओ ऐकत ऐकत सुपारी सोलायला या, असं तिने दोघीतिघींना सुचवलं होतं. वार सांगितला होता गुरुवार.

चौकशीची सुरुवात गोदूवहिनींनी शत्रूपासूनच केली. दुर्गा म्हणाली, की त्यात कोडं कसलं, भुतं संपली. एका गावात मेली मेली तरी किती माणसं मेलेली असणार? तेरा हंगाम झाले, दर हंगामाला पंधरा-सोळा भुतं. एवढी तर मुंबईतही नसतील. गोदूवहिनींना हे पटण्यासारखं वाटलं, पण दुर्गाचं म्हणून पटवून घेतलं नाही. अण्णांच्या मते दोष त्यांचाच होता. त्यांनी तीस वर्षं गावाला शिकवलं, गाव शहाणं झालं आणि शहाण्या गावाला भुतं चावत नाहीत. हे सांगताना त्यांच्या तोंडावर खेद होता, की समाधान, ते ओळखता येत नव्हतं. धाकटे दीर तात्या गावच्या पंचायतीत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या भुतांमागे संघटना नाही."

तात्यांचं औषध शेवटी ठेवून गोदूवहिनींनी आधी सोपा उपाय केला. सांगणाऱ्या जुन्या झाल्या असतील, म्हणून बाहेरचा आणायचा. आगरदांड्याच्या धक्क्यापलीकडे, दिघीच्या बाजूला बुधाजी नावाचा एक गिरणी कामगार रजेवर आला होता. त्याने गोष्ट सांगितली, की माणसं दोन दिवस विहिरीवर जात नाहीत, अशी त्याची ख्याती. निरोप गेला. बुधाजी खाडी ओलांडून, मग बैलगाडीने, मग पायी असा आला, आल्या आल्या दोन शहाळी प्यायला आणि पुरुषमाणूस म्हणून त्याला ओटीवर खुर्ची दिली.

बुधाजीची गोष्ट खरंच चांगली होती. मुंबईत त्याच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली. तिच्यात एका बाईने जीव दिलेला. तेव्हापासून त्या खोलीत कुणी टिकत नाही; सकाळी दार उघडावं तर भाडेकरू भिंतीकडे तोंड करून बसलेला. बुधाजीने आवाज खाली नेला. बायकांचे हात थांबले. गोदूवहिनींनी श्वास धरला.

"म्हणजे खोली रिकामीच हाय का?" एकीने विचारलं.

तिचा भाऊ जागेअभावी मुंबईत गावकऱ्यांच्या गाळ्यात अकरा जणांत झोपत होता. दुसरीचा नवराही तसाच. भूत राहतं म्हटल्यावर पागडी कमी असेल, नळ मजल्यावर आहे, की खाली जावं लागतं, भिंतीकडेच बघत बसायचं तर बसेल बापडा, दिवसभर गिरणीतच असतो, अशी चर्चा पेटली. बुधाजीने भुताला पुन्हा पुढे आणायचा दोनदा प्रयत्न केला. शेवटी मुकादमाचं नाव आणि चाळीचा पत्ता सांगून तो सुटला. नारळ मात्र त्याने निवडून घेतला.

मग तात्यांची संघटना आली. तात्या दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेले आणि विकासगटाच्या कचेरीतून छापील अर्ज घेऊन आले. त्या काळी विकास योजनेचे दिवस होते. गावोगाव खताचे खड्डे आणि बिनधुराच्या चुली व्हायच्या आणि बायकांच्या वर्गासाठी सरकार पेट्रोमॅक्सची बत्ती द्यायचं. तात्यांची नजर बत्तीवर होती. त्यांनी गुरुवारचं नाव 'महिला समाजशिक्षण वर्ग' असं लिहिलं. विषयाच्या रकान्यात 'मृत्यूनंतरचे जीवन' लिहून खोडलं आणि 'आरोग्य' लिहिलं. 'वर्गाचा लाभ झालेल्यांची संख्या' या रकान्यापाशी ते अडले. गोदूवहिनींनी विचार करून सांगितलं, की पूर्वी नऊ, आता कुणी नाही. तात्यांनी नऊ लिहिलं.

आठ दिवसांनी समाजशिक्षणाचे एक साहेब आले. सायकलवरून आले, घामाघूम झाले होते, माणूस सज्जन होता. बत्ती आणली नव्हती. ती नंतर येणार होती. गोष्ट ऐकल्यावर त्यांनी अगदी नम्रपणे दोन सूचना केल्या. एक म्हणजे भूत असतं, असं सरकारी वर्गात सांगता येणार नाही. तेव्हा शेवटी ते भूत नव्हतं, हे निघायला हवं. दुसरी म्हणजे त्यातून काही बोध झाला तर बरं.

बायका बिचाऱ्या सरळ होत्या. सांगितलं तसं करू लागल्या. पुढच्या गुरुवारी एका मुंज्याची गोष्ट झाली. त्याला देवीची लस टोचली नव्हती म्हणून तो मुंजा झाला होता. तो पिंपळावरून ओरडायचा तेही, टोचून घ्या, असंच. शेवटी मुंजा नव्हताच. पिंपळात अडकलेलं कुणाचंतरी धोतर होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी खताच्या खड्ड्यावर पांढरं काहीतरी उभं राहायचं, तेही धोतर निघालं. तिसऱ्या गुरुवारी वाडीतल्या समंधाने अजून तोंडही उघडलं नव्हतं, तेवढ्यात काशी म्हणाली, "धोतर अण्णांचं असंल."

बायका पोट धरून हसल्या. अण्णा आत पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं नाही. त्या दिवसापासून ते धोतर मागच्या दोरीवर वाळत घालीनासे झाले. खोलीतच खुर्चीच्या पाठीवर पसरून ठेवत. तीस वर्षं गावाला शिकवून माणसाने शेवटी काय मिळवलं, असं ते जेवताना भिंतीला विचारत. गोदूवहिनी आणखी भात वाढत.

चौथ्या गुरुवारी खळ्यात पाच पाती मांडली होती आणि बाया आल्या दोन. त्यातली एक काशी, ती सासूची खळ्यात विसरलेली तपकिरीची डबी शोधायला आली होती. कुंपणापलीकडून दुर्गाच्या रेडिओवर कुणी बाई गात होती आणि त्या गाण्यात मधूनमधून आपल्याच खळ्यातल्या बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

राहिलेली दुसरी बाई म्हणजे आवडाबाई. सत्तरीची, खाडीकडच्या वस्तीतली, सोनाबाईंच्या वेळची. पहिल्या हिवाळ्यातलं पहिलं भूत तिचंच, ते तळ्यात माणसं ओढणाऱ्या गिऱ्ह्याचं. त्यानंतर म्हशी आठ दिवस तळ्यावर गेल्या नव्हत्या. म्हशींनी गोष्ट ऐकली नव्हती, पण न्यायचं कुणी? पुढची तीन-चार वर्षं गुरुवार गाजला तो आवडाबाईच्या पाळीचाच. मग तिने सांगणं सोडलं. दात पडले, शब्द फुटत नाहीत, असं तिने कारण दिलं होतं आणि गोदूवहिनींनी ते मान्य केलं होतं. आता समोर बसून ती कुणाच्या तरी सुनेच्या माहेरची अशी नालस्ती करत होती, की त्यातला एकही शब्द न फुटता राहत नव्हता. गोदूवहिनींच्या ते प्रथमच ध्यानात आलं.

"आवडाबाई," त्या म्हणाल्या, "तुला दातांचं काही नाही. खरं सांग, तू गोष्ट सांगायची का सोडलीस?"

आवडाबाईने हातातली सुपारी सोलून टोपलीत टाकली, दुसरी घेतली.

"मी सोडली न्हाय. तुमी सोडवलीत."

"मी?"

"आठवा न वैनी. सोनाबाय गेल्या त्याच्या दुसऱ्या थंडीला. मी रहाटाची गोष्ट सांगाया लागले, तवा तुमी उठलात. बोल्लात, ह्या खळ्यात गावच्या मानसाचं नाव घ्यायचं न्हाय, गावची जागा सांगायची न्हाय. मंग मी काय सांगू? कुन्या गावची कुनी बाय, कुन्या झाडावर? भुताला पत्ता लागतो, वैनी. पत्ता नसल्यावर ते यील कुनाकडं?"

 तेरा हंगामांची भुतं गोदूवहिनींच्या डोळ्यांपुढून ओळीने गेली. पहिली सगळी ओळखीची होती. तळ्यातला गिऱ्हा, बंधाऱ्यावरची बाळंतीण, चिंचेवरचा तो सावकार, सगळ्यांना घर होतं, आडनाव होतं, कुणाचा तरी चुलता नाहीतर आत्या होती. मग एका वर्षी सगळी भुतं परगावची झाली. परगावच्या भुताला एवढ्या लांब बोरआगरात येऊन कुणाला धरायची काय गरज? काशी घोरली त्यात तिचं काय चुकलं? पाल सापडली होती. घड्याळात ती त्यांनीच सोडली होती.

आणि का सोडली, तेही त्यांना ठाऊक होतं. सगळ्या गोष्टींची चौकशी करणाऱ्या गोदूवहिनींनी दहा वर्षांत त्या एका गोष्टीकडे पाहिलं नव्हतं.

"तू ती रहाटाची गोष्ट माझ्यावरून रचली होतीस ना?" त्यांनी हळूच विचारलं. "मला टोचायला?"

"रचली कशाला? मी त्या दुपारी तुमच्याच वाडीत होते. झावळ्या उचलाया आले होते. मी बी ऐकला."

संध्याकाळी गोदूवहिनींनी काशीच्या हाती गावात निरोप पाठवला. येत्या गुरुवारी सोनाबाईंची गोष्ट आहे आणि सांगणार त्यांची सून.

अण्णांनी हे ऐकलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी हात धुतले. आपल्या आईला भर गावात भूत करायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. आधी धोतर झालं, आता आई.  गोदूवहिनींनी त्यांना समजावलं नाही. एवढंच म्हणाल्या, की मला ती गोष्ट सांगितल्यावाचून राहता येणार नाही, तुम्हाला नको असेल तर खोलीचं दार लावून घ्या.

गुरुवारी खळ्यात पाती कमी पडली. आळीतली एकही बाई घरी राहिली नाही. जिच्या घरी वाडी नाही, सुपारी नाही, तीही पातं घेऊन आली. शेवटी दुर्गा आली, कुंपणाच्या फटीतून, आणि कुणाकडे न बघता मागे बसली. तिच्या रिकाम्या खळ्यात रेडिओ एकटाच कुणालातरी बाजारभाव सांगत होता. अण्णांनी खोलीचं दार लावून घेतलं होतं, पण चार बोटं फट ठेवून.

गोदूवहिनींनी कधी गोष्ट सांगितली नव्हती. त्यांना सुरुवात कशी करायची, ते येत नव्हतं, म्हणून त्यांनी सरळ सांगितलं.

त्या चैत्रात सासूबाई माजघरात पडून होत्या. मागच्या विहिरीवरचा रहाट तेव्हा फार करकरायचा. बैल फिरू लागला, की करकर सुरू व्हायची ती शिंपणं संपेपर्यंत. सासूबाई म्हणाल्या, गोदे, त्या रहाटाला तेल घाल गो, माझं डोकं उठतं. गोदू म्हणाली, उद्या घालते. घरात पाहुणे, चुलीवर भाताचं पातेलं, खरंच वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सासूबाई पुन्हा म्हणाल्या. गोदू म्हणाली, उद्या. तिसऱ्या दिवशी त्या बोलल्या नाहीत, नुसतं मागच्या दाराकडे बोट केलं. गोदू म्हणाली, हो, उद्या नक्की. चौथ्या दिवशी रहाटाचा त्रास व्हायला माजघरात कुणी नव्हतं.

तेरावा झाला, पाहुणे गेले. भर दुपारी बारा वाजता गोदू मागच्या पडवीत भांडी घासत होती. बैल समोर गोठ्यात बसून रवंथ करत होता. तो तिला दिसत होता. वारा नव्हता, पोफळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. आणि रहाट करकरला. एकदा, मग जरा थांबून आणखी एकदा. हळू, दमून फिरवल्यासारखा.

"मी बघायला गेले नाही," गोदूवहिनी म्हणाल्या. "आजपर्यंत बारा वाजता मी त्या रहाटाकडे गेलेली नाही. तेलही घातलं नाही. घालायला गेले तर त्या तिथं उभ्या असतील आणि म्हणतील, झाली का गो उद्या?"

कुणाच्याही हातातली सुपारी सोलली जात नव्हती. आवडाबाईने मान हलवली, म्हणजे साक्ष दिली. काशीचा हात तोंडावर होता. मग एकेकीची मान आपोआप मागच्या वाडीकडे वळली. बैल गोठ्यात बसलेला होता, सगळ्यांना दिसत होता. वारा पडला होता. दुर्गाच्या खळ्यातल्या रेडिओची बॅटरी उतरली होती की काय, तोही थांबला. सगळ्या ऐकत राहिल्या.

रहाट वाजला नाही. वाजला असता तर निदान ओरडता आलं असतं.

चहा कुणी मागितला नाही. ऊन उतरलं, सावल्या खळ्याभर लांबल्या, तरी कुणी उठेना. शेवटी काशीच बारीक आवाजात म्हणाली, "अण्णा, कंदील आणता का?"

अण्णा बाहेर आले. डोळे जरा लाल होते, पण ताठ उभे राहिले, कंदील नि काठी घेतली आणि चालू लागले. मागून चौदा बायका, एकमेकींचे पदर धरून. दुर्गाचं घर कुंपणापलीकडे वीस पावलांवर, पण तीही ओळीत होती, सगळ्यांत मधे. आवडाबाई आज खाडीकडे जाणार नव्हती. ती काशीकडेच मुक्कामाला राहिली. गोदूवहिनी पायरीवरून त्या ओळीकडे बघत राहिल्या. अठ्ठेचाळीसचा विक्रम मोडला होता.

बायका पोचून बराच वेळ झाला तरी अण्णा परत येईनात. भात निवत आला तेव्हा कंदील दिसला. पण त्याच्याबरोबर दुसरं माणूस होतं. तो काशीचा सासरा, विठोबा. अण्णांनी दारातूनच खुलासा केला, की विठोबाला त्यांचा अडकित्ता बघायचा होता, तो आपणहून आला, आपण नको म्हणत होतो. विठोबाने अडकित्ता बराच वेळ पाहिला. मग सकाळी धाडून देतो म्हणत कंदील घेऊन तो परत गेला, जरा भराभरा.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता गोदूवहिनींनी वाटी घेतली आणि उंडीच्या बियांच्या तेलाची बाटली काढायला फळीकडे हात नेला. बाटली रिकामी होती. काल सकाळी ती गळ्यापर्यंत भरलेली त्यांनी पाहिली होती. त्या रिकामी वाटी घेऊनच मागे गेल्या. दहा वर्षांत पहिल्यांदा, बारा वाजता. पोफळीखाली गारवा होता. रहाटाचा कणा तेलाने निथळत होता. लाकडाची आडवी लाट तेलकट, चाकाचे दात तेलकट, खालच्या दगडावर थारोळं, त्यात मुंग्या बुडालेल्या. एवढं तेल पाच रहाटांना पुरलं असतं. त्यांनी चाकाला हात लावून जरा फिरवलं. आवाज झाला नाही.

परत येताना ओटीवर अण्णा पेपर वाचत होते. त्यांच्या धोतरावर कमरेपासून गुडघ्यापर्यंत उंडीच्या तेलाचा हिरवट डाग होता. पेपर त्यांनी अंमळ खालीच धरला होता.

गोदूवहिनींनी घड्याळ खोललं होतं, गुरुवार खोलला होता. पहाटे कोण उठलं, कुठे गेलं, जाताना आईशी काय बोललं, हे विचारायला त्यांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "ते धोतर बदला, धुऊन टाकते."

रिठ्याने तीनदा घासलं तेव्हा कुठे डाग निघाला. संध्याकाळी त्यांनी ते मागच्या दोरीवर, त्याच्या जुन्या जागी वाळत घातलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. आधणाला कढ आला तेवढ्यात वाडीच्या वाटेवरून काशीची किंकाळी आली आणि पाठोपाठ घागर फुटल्याचा आवाज.

अण्णा पेपर टाकून उठले. मागच्या दारातून त्यांनी पाहिलं. तिन्हीसांजेच्या उजेडात दोरीवर त्यांचं धोतर हळूहळू हलत होतं आणि काशी आळीकडे धूम पळत होती.

"अगं," ते माजघराकडे वळून म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी मास्तर होता, "माझा कंदील कुठाय?"